मुळशी सत्याग्रहाचे पुनर्वाचन : जमिनीच्या हक्कापासून नदीच्या हक्कापर्यंत

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात मुळशी सत्याग्रहाचा (१९२१-१९२४) उल्लेख हमखास येतो. परंतु तो बहुधा दोन-तीन वाक्यांत संपतो. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट यांना त्यातून 'सेनापती' ही पदवी लाभली आणि अखेर धरण झाले, एवढाच तपशील पदवीच्या वर्गात सांगितला जातो. यशापयशाच्या मोजपट्टीने पाहिल्यास हा सत्याग्रह अयशस्वी ठरतो, आणि अयशस्वी लढ्यांना इतिहासाच्या पाठ्यक्रमात कमी जागा मिळते हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास मराठीत झालेलाच नाही, असे मात्र नाही. स्वतः सत्याग्रहात अग्रभागी असलेल्या विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्याची चिकित्सक मांडणी केली; २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने मुळशीला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले. या अभ्यासांतून सत्याग्रहाचे राजकीय व सामाजिक अंग पुरेसे स्पष्ट झाले आहे. मात्र ज्या नदीवर हे धरण झाले, त्या नदीचे पुढे काय झाले हा प्रश्न इतिहासलेखनाच्या कक्षेत फारसा आलेला नाही. प्रस्तुत निबंधात तो प्रश्न केंद्रस्थानी ठेवून मुळशीचे पुनर्वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मुळशी धरणामागील आर्थिक व कायदेशीर व्यवस्था समजून घेणे.
२) सत्याग्रहाचा घटनाक्रम व त्याच्या मर्यादा तपासणे.
३) धरणाचा नदीच्या प्रवाहावर व खोऱ्यावर झालेला दीर्घकालीन परिणाम मांडणे.
४) या इतिहासाच्या आधारे नदी पुनरुज्जीवनाचा व नव्या प्रस्तावित धरणांचा विचार करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

मावळाचे पाणी, मुंबईची वीज

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या कापड गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे, तो महाग पडे आणि शहरात धूर पसरे. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र पाऊस अमाप पडतो आणि माथ्यापासून कोकणच्या तळापर्यंत सुमारे पाचशे मीटरांचा सरळ उतार आहे. माथ्यावरचे पाणी अडवून ते नळांतून कोकणात सोडले, तर त्या पतनातून वीज निर्माण होते, ही जलविद्युत योजनेची मूळ कल्पना होय. जमशेटजी टाटांच्या मृत्यूनंतर (१९०४) त्यांच्या उद्योगसमूहाने ती प्रत्यक्षात आणली. १९१० मध्ये पहिली जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि लोणावळा परिसरातील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यापाठोपाठ आंध्र खोऱ्यातील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये उभे राहिले. तिसरी योजना नीला व मुळा या नद्यांच्या संगमावर, मुळशी येथे आखण्यात आली. तिच्यासाठी १९१९ मध्ये स्वतंत्र कंपनी निघाली आणि भिरा येथील वीजकेंद्र १९२७ मध्ये कार्यान्वित झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. ही धरणे सिंचनासाठी नव्हती. ज्या खोऱ्यात पाणी अडवले, त्या खोऱ्याला त्या पाण्याचा उपयोग व्हावा, असा योजनेचा हेतूच नव्हता. खोरे पुणे जिल्ह्याचे, वीजघर कोकणातले आणि ग्राहक मुंबईचा, अशी ही रचना होती.

बुडणारी जमीन पडीक होती, असेही म्हणता येत नाही. मुळशी पेट्यातील खाचरे आंबेमोहर भातासाठी प्रसिद्ध होती. दरीच्या तळाशी असलेली गाळाची जमीन हाच या डोंगराळ मुलखाचा खरा ठेवा होता. सुमारे पन्नास गावे आणि दहा हजारांच्या आसपास लोक या योजनेच्या टापूत येत होते. तळाची जमीन गेल्यावर उरणार होता तो डोंगरउतार आणि त्यावरची वरकस जमीन. तीवर नाचणी-वरी पिकते, भात पिकत नाही.

भूसंपादन कायद्याची भूमिका

खाजगी कंपनीला शेतकऱ्यांची जमीन त्यांच्या इच्छेविरुद्ध कशी मिळाली, याचे उत्तर १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सापडते. या कायद्याच्या सातव्या भागात कंपन्यांसाठी जमीन संपादित करण्याची तरतूद होती. कंपनीने सरकारशी करार करावा आणि सरकारने 'सार्वजनिक हिताच्या' नावाखाली जमीन घेऊन ती कंपनीच्या हवाली करावी, असा हा मार्ग होता. सक्तीच्या संपादनापोटी बाजारभावावर शेकडा पंधरा इतकी वाढीव रक्कम देण्याची तरतूद कायद्यात होती.

या कायद्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे किंमत ठरवता येणारी वस्तू होती. बाजारभाव, त्यावरची वाढीव रक्कम, पावती आणि ताबा, इतक्यात व्यवहार पूर्ण होई. जमिनीबरोबर जाणारे गाव, देवस्थान, गायरान, ओढ्याचे पाणी, बलुत्याचे संबंध यांची किंमत काढण्याची सोय कायद्यात नव्हती, म्हणून या गोष्टी हिशेबातच आल्या नाहीत. ज्यांच्या नावे सातबारा वा खाते नव्हते अशा कातकरी, धनगर आणि भूमिहीन मजुरांची दखल तर नुकसानभरपाईच्या यादीतही घेण्याचे कारण नव्हते.

सत्याग्रहाचा घटनाक्रम

रीतसर संपादन होण्यापूर्वीच कंपनीने शेतांतून चाचणीचे चर खणण्यास सुरुवात केली. शेतकरी पुण्यातील पुढाऱ्यांकडे गेले. लोकमान्य टिळकांचे निधन (ऑगस्ट १९२०) नुकतेच झाले होते, असहकाराचे वारे वाहत होते आणि चंपारण (१९१७) व खेडा (१९१८) येथील सत्याग्रहांची उदाहरणे ताजी होती. न. चिं. केळकर, शिवरामपंत परांजपे, शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे आणि बापट हे या प्रश्नाशी निगडित झाले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. कामावरचे मजूर थांबले आणि काम बंद पडले. 'जान किंवा जमीन' ही या लढ्याची घोषणा होती. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'मधून सत्याग्रहींना पाठिंबा दर्शवला आणि टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून न राहता लोकांशी बोलणी करावीत, असे सुचवले. कंपनीने सहा महिन्यांपुरते काम थांबवण्याचे मान्य केले.

परंतु ही तहकुबी होती, माघार नव्हती. डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहाचे दुसरे पर्व उघडले. या पर्वात स्त्रियाही मोठ्या संख्येने उतरल्या. शेकडो सत्याग्रहींना अटक झाली. वृद्ध शिवरामपंत परांजपे यांनाही कारावास घडला. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौराच्या घटनेनंतर असहकार आंदोलन मागे घेण्यात आले, तसा मुळशीचा राष्ट्रीय आधारही क्षीण झाला. एकेक खातेदार भरपाई स्वीकारू लागला. बापटांनी मात्र माघार घेतली नाही. डिसेंबर १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांसह त्यांनी धरणाच्या मजुरांना नेणारी रेल्वेगाडी शस्त्रे घेऊन अडवली. या कृत्यासाठी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते १९३१ मध्ये सुटले. तोपर्यंत खोऱ्यात पाणी भरून चार वर्षे लोटली होती.

सत्याग्रहाच्या मर्यादा

हा लढा का हरला, याची काही कारणे उघड आहेत. पहिले कारण खोऱ्यातील जमीनधारणेत आहे. अनेक जमिनी गहाण वा खरेदीखताने पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, अशी स्थिती होती. सावकाराला जमीन बुडण्याचे दुःख नव्हते. त्याला भाव हवा होता. भाव वाढताच त्याचा विरोध मावळला. कसणाऱ्याच्या दृष्टीने मात्र कोणताही भाव पुरेसा नव्हता, कारण तसली खाचरे दुसरीकडे विकत मिळणार नव्हती. एकाच घोषणेखाली दोन भिन्न हितसंबंध एकत्र आले होते आणि सरकारला ही फट सहज दिसली.

दुसरे कारण राष्ट्रवादाच्या अंतर्विरोधात आहे. टाटा ही स्वदेशी भांडवलाची मानाची पेढी होती. परकीय भांडवलाविरुद्ध जितक्या निःशंकपणे बोलता येई, तितके तिच्याविरुद्ध बोलणे पुढाऱ्यांना अवघड होते. देशी उद्योग वाढला तर देश वाढेल, मग मूठभर मावळ्यांनी त्याग का करू नये, हा युक्तिवाद मुळशीच्या काळातच पुढे आला. स्वातंत्र्योत्तर काळातील प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या वेळी तोच पुन्हा ऐकू येतो. तिसरे कारण नेतृत्वातील मतभेदांचे होते. अहिंसेच्या प्रश्नावर गांधी आणि बापट यांच्यात मूलभूत अंतर होते, आणि ते शेवटी मिटले नाही.

घोषणेत नसलेली नदी

वरील तिन्ही कारणांचा ऊहापोह पूर्वसूरींनी केलेला आहे. परंतु आणखी एका मुद्द्याकडे लक्ष वेधणे प्रस्तुत लेखकाला महत्त्वाचे वाटते. 'जान किंवा जमीन' या घोषणेत माणूस आहे, जमीन आहे; नदी नाही. हा सत्याग्रहींचा दोष म्हणता येत नाही. ज्याची जमीन बुडते तो जमिनीविषयीच बोलणार. शिवाय कायद्याने ज्या वस्तूवर हक्क मान्य केला होता ती जमीनच होती. नदीच्या वाहत्या पाण्यावर काठच्या लोकांचा, खालच्या गावांचा किंवा खुद्द नदीचा काही हक्क असतो, हे म्हणण्यास त्या काळी व्यासपीठच नव्हते.

याचा परिणाम मात्र दूरगामी झाला. वाद जमिनीचा ठरल्यामुळे तो भरपाईने सुटण्याजोगा ठरला. धरणाखालची गावे, ज्यांची जमीन बुडत नव्हती पण ज्यांची नदी आटणार होती, ती या वादात पक्षकार झालीच नाहीत. धरणविरोध हा फक्त बुडणाऱ्यांचा प्रश्न आहे, ही समजूत मुळशीपासून रूढ झाली आणि आजही ती पुरती गेलेली नाही.

या संदर्भात मुळशीच्या थोडे आधीचे अमेरिकेतील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील हेच हेची खोऱ्यात सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी धरण बांधण्याला निसर्गप्रेमींनी विरोध केला होता. १९१३ च्या कायद्याने त्या धरणाला मंजुरी मिळाली. तेथे विरोधकांनी निसर्गसौंदर्याचा मुद्दा मांडला, विस्थापनाचा नव्हे. मुळशीत विस्थापनाचा मुद्दा होता, नदीचा नव्हता. म्हणून मुळशीला 'जगातील पहिली' म्हणताना ती विस्थापितांनी स्वतः उभारलेली पहिली संघटित धरणविरोधी चळवळ होय, असे नेमकेपणाने म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पूर्वेची नदी पश्चिमेकडे

मुळा ही मुळात पूर्ववाहिनी नदी. ती पुण्याकडे येते, वाटेत पवनेला घेते, पुण्यात मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेत, भीमा कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात, असा हा प्रवास आहे. मुळशी धरणाने या प्रवासाचा आरंभच पालटला. धरणात अडवलेले पाणी घाट उतरून भिऱ्याला जाते, तेथून कुंडलिका नदीत आणि कुंडलिकेतून अरबी समुद्रात. याच पद्धतीने भिवपुरीचे पाणी उल्हास नदीत व खोपोलीचे पाताळगंगेत जाते. निसर्गाने जे पाणी सोलापूरपर्यंतच्या अवर्षणप्रवण मुलखाच्या वाट्याला दिले होते, ते जगात सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक असलेल्या कोकणात सोडले जाऊ लागले.

या वळवलेल्या पाण्याचे प्रमाण किरकोळ नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद, निवाडा १९७३, अंतिम १९७६) टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घातली. ती सरासरीने वर्षाला सुमारे ४२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, इतकी येते. कृष्णा खोऱ्यातील एकेका टीएमसीसाठी तीन राज्ये भांडत आली आहेत, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचे महत्त्व सहज पटेल. भीमा खोऱ्याच्या तुटीची चर्चा करताना हे पाणी परत पूर्वेकडे वळवावे, अशी मागणी म्हणूनच वेळोवेळी होत राहिली आहे. १९२१ मध्ये जो प्रश्न पन्नास गावांचा मानला गेला, तो प्रत्यक्षात एका संपूर्ण खोऱ्याचा होता.

मूळ प्रवाह असा कमी झालेल्या नदीत पुढे शहराचे सांडपाणी येऊ लागले. नदीत वाहते पाणी पुरेसे असेल तर ती काही प्रमाणात घाण पेलते; प्रवाहच नसेल तर ती गटाराचे रूप घेते. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीच्या जलाशयात जाऊन साठते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले गेले. त्यांतील ५५, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रात होते.

मुळशीनंतरचा धरणविरोध

मुळशीची परंपरा थेट पुढे चालली नाही, परंतु तिचे प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित झाले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य होय. त्यामागे धरणग्रस्तांच्या अनेक दशकांच्या हालअपेष्टा होत्या. केरळमधील सायलेंट व्हॅलीच्या जलविद्युत प्रकल्पाला झालेल्या विरोधात प्रथमच जंगल आणि नदी हा चर्चेचा मुख्य विषय झाला. प्रकल्प रद्द होऊन १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्याच दशकात गडचिरोलीतील आदिवासींनी, बाबा आमटे यांच्या साथीने, गोदावरी-इंद्रावतीवरील इंचमपल्ली व भोपालपटनम या नियोजित धरणांना विरोध केला आणि ती धरणे बाजूला पडली. आज गडचिरोलीच्या दक्षिण टोकाशी इंद्रावती मुक्त वाहते, त्याचे श्रेय पुष्कळसे त्या विरोधाला द्यावे लागेल.

नर्मदेचा लढा अधिक दीर्घ व अधिक कटू ठरला. नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारखी गावे बुडिताशी झुंजली. मोर्स समितीच्या अहवालानंतर जागतिक बँकेचे अर्थसाहाय्य १९९३ मध्ये थांबले. तथापि ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पुढे नेण्यास अनुमती दिली आणि २०१७ मध्ये पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. जागतिक धरण आयोगाचा अहवाल नोव्हेंबर २००० मध्ये आला. धरणांचे लाभ मान्य करूनही त्यांची सामाजिक व पर्यावरणीय किंमत अनेकदा अनावश्यक आणि असह्य राहिली, असा त्याचा निष्कर्ष होता. भारतात १८९४ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०१३ चा नवा कायदा आला. त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक मानली गेली. मुळशीच्या शेतकऱ्याने जो संमतीचा हक्क मागितला होता, तो कायद्याच्या पुस्तकात यायला ९२ वर्षे लागली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पुनरुज्जीवन आणि सुशोभीकरण

नदी पुनरुज्जीवन या शब्दाचा वापर अलीकडे फार सैलपणे होतो. त्यामुळे त्याचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. नदी म्हणजे केवळ दोन काठांमधील पाणी नव्हे. उगमाकडचे जंगल, ओढे-नाले, पूरमैदान, भूजल, गाळ, मासे आणि काठची वनस्पती यांची ती एकत्रित व्यवस्था होय. या व्यवस्थेला तिचा प्रवाह आणि तिची जागा परत मिळवून देणे, हे पुनरुज्जीवन.

या दृष्टीने अमेरिकेतील एल्व्हा नदीचे उदाहरण बोलके आहे. तेथील ग्लाइन्स कॅन्यन धरण १९२७ मध्ये, म्हणजे भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले त्याच वर्षी, पूर्ण झाले. धरणांमुळे समुद्रातून नदीत चढणारे सॅमन मासे अडले आणि त्यांवर जगणाऱ्या क्लालम आदिवासींचे जीवन उद्ध्वस्त झाले. १९९२ च्या कायद्याने नदी पूर्ववत करण्याचा निर्णय झाला आणि २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे काढून टाकण्यात आली. मासे परतले, अडलेला गाळ मुखाशी जाऊन किनारा पुन्हा घडू लागला. आपल्याकडे राजस्थानातील अलवर जिल्ह्यात अरवरी नदीच्या खोऱ्यात गावकऱ्यांनी तरुण भारत संघाच्या साहाय्याने जोहड बांधले आणि कोरडी पडलेली नदी वाहती केली. या दोन उदाहरणांचे मार्ग परस्परभिन्न आहेत. एकीकडे धरण काढले, दुसरीकडे छोटे बांध घातले. परंतु दोन्हींकडे निर्णयाचा निकष नदीचा प्रवाह हाच होता.

पुण्यातील मुळा-मुठेच्या बाबतीत हा निकष लावून पाहावा. जायका या जपानी संस्थेच्या अर्थसाहाय्याने अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रांची ३९६ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेची योजना २०१६ पासून हाती घेण्यात आली. ती पुनरुज्जीवनाच्या दिशेने जाणारी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ४४ किलोमीटर लांबीच्या ज्या नदीकाठ विकास प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली, त्याचा भर काठ बांधून काढण्यावर आहे. बांध घातलेला काठ पुराची जागा कमी करतो आणि नदीला कालव्याचे रूप देतो. नागरिकांनी २०२३ मध्ये काठावरच्या झाडांना मिठी मारून जो विरोध नोंदवला, तो विकासाला नव्हता. नदीची जागा घेण्याला होता. ज्या नदीचे शिर मुळशीत वळवले गेले, तिचे अंग आता काँक्रीटने आवळणे हा पुनरुज्जीवनाचा मार्ग नव्हे.

मुंबईची नवी गरज : गारगाई

मुळशीच्या इतिहासाचा खरा उपयोग नव्या प्रस्तावांचे परीक्षण करताना व्हावा. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात, वैतरणेची उपनदी असलेल्या गारगाईवर मुंबई महापालिकेने धरण प्रस्तावित केले आहे. त्यातून शहराला दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळावे, अशी योजना आहे. बुडीतक्षेत्र तानसा अभयारण्यात येते आणि सहा गावे बाधित होतात. तेथील लोक बहुतांशी आदिवासी आहेत. २०२० च्या सुमारास बाजूला ठेवलेला हा प्रकल्प पुढे पुन्हा हाती घेण्यात आला.

१९२१ आणि आजची परिस्थिती यांतील साम्य डोळ्यांत भरणारे आहे. गरज मुंबईची, खोरे दुसऱ्याचे. तेव्हा वीज, आता पाणी. फरक इतकाच की १९२१ मध्ये जे ज्ञान व जे कायदे नव्हते, ते आज आहेत. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांचे अधिकार मान्य करणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यामुळे आज कातकरी वा वारली कुटुंबाच्या नावे कागद नाही म्हणून ते हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

मुख्य म्हणजे आज पर्याय आहेत. मुंबईत सात ठिकाणी नव्या मैलाशुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. त्यांची एकूण नियोजित क्षमता दररोज सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर आहे. गारगाईतून मिळावयाच्या पाण्याच्या ती पाचपटीहून अधिक आहे. यातील पाचव्या हिश्श्याइतके पाणी जरी उद्योग, बांधकाम, बागा, शीतकरण यांसाठी पुन्हा वापरले, तरी तितके गोडे पाणी पिण्यासाठी मोकळे होईल. जलवाहिन्यांतील गळती रोखणे, पावसाचे पाणी साठवणे, विहिरींचे रक्षण करणे हे उपाय तर सर्वपरिचित आहेत. असे असता जंगल आणि सहा गावे बुडवून नवी नदी अडवणे हा शेवटचा पर्याय असावयास हवा. तो पहिला ठरवला जात असेल तर त्याला विरोध करणे हेच सार्वजनिक हित होय.

काही आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर घेतले जाणारे दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, धरणे नसती तर शहरे आणि उद्योग उभे राहिले नसते. हे अंशतः खरे आहे. मुळशीची वीज मुंबईला उपयोगी पडली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या गोष्टीचा लाभ झाला म्हणून तिची किंमत योग्य माणसाने चुकवली, असे सिद्ध होत नाही. लाभ आणि किंमत यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जावा, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप हवामानबदलाच्या संदर्भातील आहे. सौर व पवन ऊर्जेला जोड म्हणून उदंचन जलविद्युत प्रकल्प हवेत आणि सह्याद्री त्यासाठी सोयीचा आहे, असे सांगितले जाते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये या प्रकल्पांसाठी धोरण आखले आणि शिरवटा व भिवपुरीसह अनेक ठिकाणांसाठी करारही झाले. स्वच्छ ऊर्जेची गरज निर्विवाद आहे. म्हणूनच या प्रकल्पांचा विचार एकेकटा न करता संपूर्ण सह्याद्रीच्या माथ्याचा एकत्रित विचार व्हावयास हवा. जुन्या जलाशयांचा वापर करणारा प्रकल्प आणि नवे जंगल बुडवणारा प्रकल्प यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

निष्कर्ष

१) मुळशीचा पराभव हा केवळ संघटनेचा वा नेतृत्वाचा नव्हता. जमिनीला किंमत आणि नदीला शून्य किंमत देणाऱ्या कायद्याच्या चौकटीत तो जवळजवळ ठरलेला होता.

२) मुळशीच्या धरणाचा परिणाम बुडालेल्या गावांपुरता मर्यादित राहिला नाही. तो भीमा खोऱ्याच्या तुटीत आणि मुळा-मुठेच्या दुरवस्थेत आजही दिसतो.

३) गंगेसाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली. त्याच धर्तीवर भीमा खोऱ्यातील धरणांखालीही बारमाही किमान प्रवाह बंधनकारक करावा, आणि वळवलेल्या पाण्याचा काही भाग मूळ खोऱ्याला परत देण्याची कालबद्ध योजना आखावी.

४) सह्याद्रीत नव्या धरणाचा प्रस्ताव येताच खोऱ्याचा एकत्रित अभ्यास, धरणाखालच्या गावांचे म्हणणे आणि ग्रामसभांची संमती यांशिवाय तो पुढे जाऊ नये. गारगाईचा प्रस्ताव या कसोटीला उतरत नाही.

५) नदी हा इतिहासाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विषय व्हावा. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी आपापल्या परिसरातील एकेका नदीचा इतिहास एकत्र येऊन लिहिला, तर धोरणकर्त्यांपुढे ठेवण्याजोगे साहित्य तयार होईल. गॅझेटियर, जमाबंदीचे कागद, जुने नकाशे आणि काठच्या वृद्धांच्या आठवणी ही साधने अद्याप उपलब्ध आहेत. त्यांतील शेवटचे साधन वेगाने कमी होत आहे.

उन्हाळ्यात मुळशीच्या जलाशयाची पातळी खाली गेली की बुडालेल्या गावांचे अवशेष उघडे पडतात आणि पावसाळ्यात ते पुन्हा पाण्याखाली जातात. त्या गावांना परत आणणे इतिहासाच्या हाती नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न, की दुसऱ्याच्या सोयीसाठी आमचे खोरे बुडवण्याचा निर्णय आमच्याशिवाय कसा होतो, हा गारगाईच्या काठावर पुन्हा विचारला जात आहे. या वेळी त्याला भरपाईच्या आकड्याने उत्तर देऊन चालणार नाही.